हिंगणघाटचा सबनेटिंगचा वर्ग: खडू, फळा आणि आजीची वजनं

हिंगणघाटात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका कृषी केंद्राच्या माडीवर संध्याकाळी नेटवर्किंगचा, त्यातही सबनेटिंगचा (एका नेटवर्कचे लहान तुकडे पाडण्याचा) वर्ग भरतो. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, पाच ते साडेसहा. फी ३,५०० रुपये, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी हा वर्ग पूर्ण केला. आमच्या भागातल्या पोरापोरींना उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी गावाजवळच्या एका जिनिंगच्या ऑफिसात काम करते. बिलं, काट्याच्या पावत्या आणि कॅमेऱ्यांचं सगळं माझ्याकडे. कोणताही नवा कॉम्प्युटर आला की आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) टाकायचा, खाली २५५.२५५.२५५.० टाकायचं, की झालं. हा दुसरा आकडा कशाचा, हे चार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मागच्या हंगामात, डिसेंबरात, काट्याच्या कॉम्प्युटरवरून पावती निघेना. बाहेर कास्तकारांच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. त्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.७०, प्रिंटरचा १९२.१६८.१.२०. गंमत अशी की शेजारच्या ७५ नंबरच्या कॉम्प्युटरला पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघायची हाक) जात होता, प्रिंटरला मात्र नाही, आणि इंटरनेटही बंद. एक दुरुस्तीवाला आला. त्याने केबल बदलली, मग लॅन कार्ड बदललं, शेवटी स्विच खराब आहे म्हणून पैसे घेऊन गेला. आम्ही दोन दिवस पावत्या हाताने लिहिल्या. एक म्हातारे कास्तकार पहाटे चारला निघून आले होते, ते दुपारी तीनपर्यंत गाडीतच बसून राहिले. ते माझ्या मनातून गेलं नाही. वर्गात नाव घातलं ते त्यामुळेच.

पहिले तीन दिवस सरांनी कॉम्प्युटर चालूच केला नाही. फळ्यावर फक्त १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे आठ आकडे लिहिले आणि म्हणाले, "ही आठ वजनं. यांच्यापासून २५५ पर्यंतचा कोणताही आकडा तोलता येते. १९२ तोलून दाखवा." मी १२८ आणि ६४ उचलले. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात नवं काय हाय? शेराच्या खाली अच्छेर, अच्छेराच्या खाली पावशेर, मंग नवटाक, मंग छटाक. हरेक वजन वरच्याच्या अर्धं." तिच्या पेटीत जुनी लोखंडी वजनं अजून होती. दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात नेली. सरांनी टेबलावर मांडली आणि तो सगळा तास त्यांच्यावरच घेतला.

मास्क म्हणजे आयपीखाली टाकायचा तो दुसरा आकडा; पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे तो सांगतो. त्याचं मर्म मला तिथे कळलं. पत्त्यात कोणतंही वजन उचलता येतं, पण मास्कमध्ये सगळ्यात मोठ्यापासून ओळीने उचलावं लागतं, मधलं एकही सोडता येत नाही. म्हणून मास्कच्या खान्यात ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ एवढेच आकडे येतात. २०० का येत नाही, हे कोणालाही तोंडी सांगता येईल इतकं ते पक्कं बसलं. पत्त्याचे खाने चार, प्रत्येकात आठ वजनं, म्हणजे एकूण ३२. स्लॅश सव्वीस म्हणजे मास्कमध्ये त्या ३२ पैकी पहिली २६ वजनं उचललेली. उरली सहा, म्हणजे ६४ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. यंत्रांना उरले ६२.

आठव्या दिवशी माझा डिसेंबरचा प्रश्न सुटला. सरांनी उदाहरण वेगळंच दिलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर आमचा काटाच आला. त्या कॉम्प्युटरवर कोणीतरी २५५.२५५.२५५.१९२ असा मास्क टाकून ठेवला होता. ७० म्हणजे ६४, ४ आणि २. १९२ च्या मास्कने फक्त १२८ आणि ६४ ची जागा बघायची, म्हणजे उरले ६४. त्या कॉम्प्युटरच्या लेखी आपलं घर ६४ ते १२७. ७५ घरातला, म्हणून पिंग जायचा. प्रिंटरचे २० म्हणजे १६ आणि ४, त्यात ६४ नाहीच, म्हणून तो परका. इंटरनेट देणारा राउटर १ वर, तोही परका, म्हणून इंटरनेट बंद. केबल चांगली होती, कार्ड चांगलं होतं, स्विचही चांगला होता. हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला तेव्हा हात थरथरत होता. सर जवळ येऊन बघून म्हणाले, "ताई, हेच फळ्यावर येऊन सांगा." मी सांगितलं.

इतिहासही ते थोडक्यात पण नेमका सांगतात. १९८१ च्या रचनेत ए, बी, सी असे ठरलेले वर्ग होते. सी मध्ये २५४ यंत्रं, बी मध्ये एकदम ६५,५३४. तीनशे यंत्रं असलेल्याला सी पुरेना आणि बी घेतला तर हजारो पत्ते पडून राहत. १९८५ मध्ये सबनेटिंगची रीत ठरली, १९९३ मध्ये वर्गांची भिंतच काढली आणि स्लॅशची पद्धत आली. स्लॅश कशासाठी आला हे कळल्यावर तो पाठ करावा लागत नाही.

सराव भरपूर, रोज पंचवीस पत्ते, कॅल्क्युलेटरशिवाय. १७२.१६.४५.२०० स्लॅश २० या एका गणिताने माझे दोन दिवस घेतले. मास्कचा तिसरा खाना २४०, म्हणून सोळा-सोळाच्या उड्या, ४५ च्या मागची उडी ३२. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. आता असं गणित मी बसमध्ये उभ्याने सोडवते. लाइट गेली तरी तास थांबत नाही, खिडकीजवळ फळा आहे.

उणिवा आहेत. कॉम्प्युटर तीनच आणि जुने, सिस्को पॅकेट ट्रेसरवर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून सराव करायचं सॉफ्टवेअर) बसायला पाळी लावावी लागते. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरी चालेल असा लॅपटॉप असेल तर आधीच टाकून घ्या. वेगवेगळ्या आकाराची सबनेट पाडण्याला एकच दिवस दिला, त्याला निदान चार हवेत, कारण प्रत्यक्ष काम तेच असतं. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत) अर्ध्या तासात उरकलं. आणि इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. आमच्या बॅचला दोघी होतो, ही अडचण आम्ही सरांना स्पष्ट सांगितली आहे. ही सोय झाली तर गावागावांतून आणखी पोरी येतील.

या हंगामात जिनिंगची विभागणी मीच केली. कॅमेरे ४४, त्यांना १९२.१६८.१.० स्लॅश २६. ऑफिसची १८ यंत्रं, त्यांना ६४ पासून स्लॅश २७. काट्याकडची तीन, त्यांना ९६ पासून स्लॅश २९. मोठा तुकडा आधी, लहान नंतर, म्हणजे एकावर एक चढत नाहीत. सरांचं एक वाक्य इथे कामी आलं: सबनेट पाडलं म्हणजे कुंपण घातलं असं समजू नका. एकाच साध्या स्विचवर सगळी यंत्रं असतील तर एकाचा ब्रॉडकास्ट सगळ्यांच्या दारात जातोच. म्हणून मालकांना सांगून व्हीएलॅनचा (एकाच स्विचचे आतून वेगळे भाग पाडणारा) स्विच घ्यायला लावला आणि प्रत्येक तुकड्याला राउटरवर आपला आपला गेटवे (तुकड्याबाहेर जायचा दरवाजा) दिला. काट्याची पावती या हंगामात अजून एकदाही अडली नाही.

पुढची बॅच संक्रांतीनंतर आहे. पहिला तास फुकट बसू देतात, आवडलं तर पैसे भरा. चौकटीची वही न्या, खिडकीकडच्या बाकावर बसा. आजीची वजनं सरांच्या टेबलावरच आहेत, हातात घेऊन बघा.