दाजीपूर का मसाई पठार? रविवार एकच असेल तर

पुण्याच्या मावसबहिणीचा परवा फोन आला, म्हणाली दादा दिवाळीच्या आसपास येतोय आम्ही, सासूबाई आहेत, दोन पोरं आहेत, अंबाबाईचं दर्शन झालं की एक दिवस कुठंतरी रानात काढायचाय, दाजीपूर करू का मसाई पठार? मी म्हटलं उद्या सांगतो. कारण ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. दोन्हीकडं मी गेली पंधरा वर्षं जातोय, दोन्ही जिवापाड आवडतात, पण दोन्हींचा स्वभाव लई वेगळाय. दाजीपूरच्या अभयारण्याला गेट आहे, मसाईच्या पठाराला नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथनंच सुरू होतोय. तिला सांगायला म्हणून डोक्यात जे मांडलं तेच इथं लिहितो, तुमचंपण असंच अडलं असेल तर उपयोग होईल.

आधी अंतर, ते पटकन उरकतो. मसाई पन्हाळ्याच्या मागं, कोल्हापुरातनं तीसेक किलोमीटर, सकाळी निवांत मिसळ खाऊन निघालं तरी जेवायला माघारी घरी येता येतं. दाजीपूर ऐंशीच्या घरात, भोगावती, राधानगरी करत फोंडा घाटाच्या दिशेनं, आणि तिथं ऊन चढल्यावर पोचलात तर जंगल झोपलेलं असतंय, म्हणजे पहाटे पाचला घर सोडायला पाहिजे नाहीतर आदल्या रात्री राधानगरीत मुक्काम. पोरांना पहाटे उठवून गाडीत घालायची तयारी नसेल तर दाजीपूरचा विचार तिथंच सोडा.

आता हंगाम, आणि खरं तर निम्मा निर्णय इथंच होतोय. दाजीपूर अभयारण्य पावसाळ्यात बंद असतंय. लोक दरवर्षी ऑगस्टमध्ये गेटपर्यंत जातात आणि वाद घालून माघारी येतात, मग फोनवर सगळ्यांना सांगतात की काही नाही तिथं. बंद असायला कारण आहे, आतले रस्ते कच्चे, लाल मातीचे, त्या पावसात गाडी घातली की चाकाखाली रस्ताच वाहून जातो, आणि त्या दिवसात जनावरांनापण माणसांपासून जरा सुटका पाहिजेच की. गेट कधी उघडणार ते निघायच्या आधी राधानगरीला वनखात्याकडं विचारून घ्या. मसाईचं बरोबर उलटं, तिथं बघायचं ते पावसातच आणि पाऊस सरता सरता. सप्टेंबरात जांभ्याच्या त्या कातळावर सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारं दवबिंदू, असलं काय काय उगवतं की पाय कुठं ठेवायचा ते कळत नाही. दिवाळीपर्यंत हे सगळं वाळून जातं आणि मग राहतं ते पिवळं गवत, वारा आणि लांबवर पसरलेले सडे, म्हणजे उघडे सपाट कातळ. मला तेपण आवडतं, पण फुलं बघायला म्हणून येणाऱ्याला सांगताना खोटं कशाला सांगू.

दाजीपूरला काय दिसतंय? गवा दिसेल म्हणून जातात सगळे. हे मूळचं कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान, १९५८ साली त्याचं गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. नंतर वाढवत वाढवत आज राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं तेव्हा महाराष्ट्रातनं कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी, अशी चारच ठिकाणं त्यात होती. एवढ्या मोठ्या रानात गवा तुमच्यासाठी रस्त्यावर येऊन उभा राहील असं नाही. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांत नुसतं शेण आणि खुरांचे ठसे बघून आलो, तिसऱ्या वेळी सावराई सड्यावर धुकं सरलं आणि समोर कळप, मोठा काळाभोर नर, पायात पांढरे मोजे घातल्यागत, आम्ही सहा जण होतो पण कुणी श्वासपण जोरात घेतला नाही. बरोबरचा गाइड खालच्याच गावचा, त्यानं त्याच दिवशी शेकरूचं घरटं दाखवलं, अस्वलानं नखं मारलेलं झाड दाखवलं, मी एकटा गेलो असतो तर त्या झाडाला टेकून डबा खाल्ला असता. गाइडचे पैसे वाचवायचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, जंगल वाचता येणारा माणूस बरोबर नसेल तर दाजीपूर म्हणजे नुसता खड्ड्यांचा रस्ता आणि झाडं.

मसाईवर असं काही हुडकावं लागत नाही, वर आलं की सगळं समोरच. आभाळ, पठार, खाली दरीत ढग, मसाई देवीचं देऊळ, थोडं खाली उतरलं तर पांडवदऱ्याच्या जुन्या लेण्या. बारक्या पोरांना पळायला एवढी जागा आख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल. आणि ही तीच वाट आहे, १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निघून महाराज पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं गेले ती. त्यामुळं दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारी हजारो पोरं याच पठारावरनं जातात. मीपण चाललोय दोनदा, म्हाळुंग्याच्या पुढं चढ संपून पठारावर पाय ठेवला आणि तोंडावर पाऊस घेतला तेव्हा काय वाटलं ते लिहून जमायचं नाही. पण त्याच वाटेवर ग्लुकोजचे रिकामे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि फाटलेले रेनकोट बघितले तेव्हापण पोटात तुटलं, कारण टाकणारी पोरं तीच, "जय शिवाजी" म्हणत पुढं गेलेली.

आता गेटचा मुद्दा. दाजीपूरला प्रवेश फी आहे, गाडीचे पैसे वेगळे, गाइडचे वेगळे, नोंद होते, दारू-प्लॅस्टिकवरनं टोकतात, वेळेत बाहेर यावं लागतंय. आमच्या ग्रुपवर दरवेळी कुणीतरी म्हणतंच, आपल्याच जिल्ह्यातल्या रानात जायला पैसे कशाला? मी म्हणतो द्या, पावती मागून घ्या आणि द्या. त्या पैशामागं एक राखणारा माणूस उभा आहे आणि गावातल्या चार पोरांना मुंबई-पुण्याला न जाता रोजगार आहे. मसाईला मी जितक्यांदा गेलो तितक्यांदा अडवणारं कुणी भेटलं नाही. सोय वाटते ना? मला पण वाटायची.

तीन वर्षांमागं सप्टेंबरात सगळं घर घेऊन गेलो होतो, पुतण्या पाच वर्षांचा, चप्पल काढून गवतात पळत सुटला आणि दोन मिनिटात किंचाळला. बिअरच्या फुटक्या बाटलीची काच, टाचेत आरपार म्हणावी एवढी. वर सावली नाही, पाण्याचा नळ नाही, ओढणीनं बांधलं आणि खाली येईपर्यंत सीट रक्तानं भरली, चार टाके पडले. त्याच दिवशी दोन जीप पठारावर गोल गोल फिरवत होते, रील काढायला. तिथं मातीचा थर किती असतो माहिताय? बोटाच्या दोन पेरांएवढापण नाही कित्येक ठिकाणी, खाली नुसता जांभा. त्यावरनं एकदा चाक गेलं की पुढच्या पावसात त्या चाकोरीत पाणी साचतं, माती वाहून जाते, आणि तिथं सोनकीचं बी कशाला धरंल?

आणि कायदा नाही म्हणून हे होतंय असं कुणी समजू नका. २०२२ मध्ये राज्यानं मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्र करायचं ठरवलं. अभयारण्यात आणि यात फरक काय, तर अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते आणि संवर्धन राखीवला तशी लागत नाही, गावकऱ्यांचं येणं-जाणं, गुरं चारणं बंद होत नाही, आणि देखभालीच्या समितीत ग्रामपंचायतीची माणसं असावीत असं कायद्यातच आहे. पण कचरा टाकणं, आग लावणं, जनावरांना छळणं हे दोन्हीकडं सारखंच मना, वन्यजीव कायद्याची तीच कलमं दोन्हीकडं लागू होतात. म्हणजे कागदावर मसाईला संरक्षण आहे, पण कागद घेऊन वाटेवर कुणी उभा नाही. मला ही व्यवस्था मुळात आवडते बरं का, कारण त्यात धनगरवाड्याची म्हैस बाहेर काढलेली नाही, ती म्हैस तिथं आपल्या आधीपासनं आहे. फक्त फुलांच्या तीन महिन्यांत रविवारी तरी कुणीतरी पाहिजे, गाड्या खालीच थांबवायला. साताऱ्याजवळच्या कास पठाराला हेच करावं लागलं, दिवसाला ३००० च माणसं, ऑनलाइन बुकिंग, आणि बघायचं काम आजूबाजूच्या गावांच्या समितीकडं. कासला गर्दीचा त्रास आहेच, पण फुलात गाडी घातलेली मी तिथं बघितली नाही.

कुणी विचारेल पावसात पोरांना धबधबा दाखवायचाय, मग? तर राऊतवाडी आहे राधानगरीजवळ, पण रविवार सोडून जा, रविवारी पाण्यापेक्षा माणसं जास्त आणि पोलीस बंदोबस्त. आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असतील तर बघायला भारी असतंय, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी पडतं, शाहू महाराजांचं काम बघून छाती भरून येते, पण त्याच बातमीत कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळीपण वाचा. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. पाणी ३९ कडं चाललं असेल तर गाडी काढूच नका, माघारी यायचा रस्ता बंद झाला तर राऊतवाडीचा फोटो घेऊन काय करणार.

तर कुणी कुठं जावं. पोरं पाच-सहा वर्षांच्या आतली, हातात अर्धाच दिवस, महिना सप्टेंबर, तर डोळे झाकून मसाई, गाडी पठाराच्या अलीकडं लावायची आणि पायात बूट. पोरं जरा कळती झालेली, गप्प बसू शकणारी, थंडीचे दिवस, आणि रिकाम्या हातानं माघारी यायची मनाची तयारी असेल तर दाजीपूर. वयस्कर माणसांचं जरा उलटं आहे लोकांना वाटतं त्यापेक्षा, दाजीपूरला चालणं कमी पण गाडीत हाडं खिळखिळी होतात, मसाईवर चालावं लागतं पण सपाट आहे. कंबर दुखत असेल तर मसाई, गुडघे दुखत असतील तर दाजीपूर. दहा-बारा जणांचा ग्रुप, स्पीकर, चुलीवरचं मटण असा बेत असेल तर दोन्हीकडं नको, कुणाच्यातरी मळ्यात करा, तांबडा-पांढरा तिथंच चांगला लागतो.

मावसबहिणीला रात्री फोन केला. तिच्या सासूबाईंची कंबर धरलेली आहे, पण फुलांचे दिवस संपलेत आणि पोरं दहा आणि बारा वर्षांची आहेत. म्हटलं शनिवारी राधानगरीत मुक्काम करा, पहाटे आम्ही पोरांना घेऊन आत जातो, सासूबाई आणि तू धरणाच्या बाजूला सकाळ काढा, त्यांना पाणी बघत बसायला आवडेल. पोरांना लाल-पिवळे टी-शर्ट नकोत, मातकट काहीतरी आण, आणि मोबाईल गाडीतच ठेवायला आत्तापासनं सांगून ठेव. ती म्हणाली दादा गवा नाही दिसला तर? म्हटलं मग पुढच्या सप्टेंबरात या, मसाईला जाऊ, येताना एक रिकामं पोतं आण, फुलं बघून झाली की उतरता उतरता कचऱ्यानं भरू.