नदी-अंधत्व: माशीवर फवारणी की माणसांना गोळी?

पश्चिम आफ्रिकेत 1974 साली सुरू झालेल्या मोहिमेपुढे एकच मार्ग होता. नदी-अंधत्व या दृष्टी घालवणाऱ्या रोगाचा कृमी पसरवणारी काळी माशी वाहत्या, खळाळत्या पाण्यात वाढते, म्हणून हेलिकॉप्टर व लहान विमानांतून नद्यांवर अळीनाशक फवारायचे. प्रौढ कृमी माणसाच्या शरीरात दहा-पंधरा वर्षे जगत असल्याने ही फवारणीही तितकीच वर्षे चालवावी लागे, खर्च प्रचंड होई, आणि पुढे अळ्यांमध्ये टेमेफॉस या अळीनाशकाला प्रतिकारशक्ती आल्यावर औषधे आलटून पालटून वापरावी लागली. वाऱ्याबरोबर दूरवरून येणाऱ्या माश्यांचा प्रश्न वेगळाच.

1987 मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक औषध मोफत देण्याचे जाहीर केले आणि चित्र पालटले. वर्षातून एकदा, उंची मोजण्याच्या काठीवरून मात्रा ठरवून, गावानेच निवडलेली माणसे गोळ्या वाटू लागली. माझ्या मते या मार्गाचे खरे बळ इथेच आहे, कारण त्याला वैमानिक लागत नाही. मात्र हे औषध कृमीच्या सूक्ष्म पिल्लांना मारते, प्रौढ कृमींना नाही, त्यामुळे वाटप वर्षानुवर्षे टिकवावे लागते. शिवाय मध्य आफ्रिकेत लोआ लोआ या दुसऱ्या कृमीचे प्रमाण रक्तात फार असलेल्या रुग्णांना त्यापासून गंभीर अपाय होऊ शकतो.

नायजरमध्ये 1976 ते 1989 फवारणी झाली, पुढे हत्तीरोगासाठी आयव्हरमेक्टिन वाटले गेले, आणि 2025 साली रोगाचे उच्चाटन झालेला आफ्रिकेतील पहिला देश म्हणून त्याला मान्यता मिळाली.