जेनेटिक काउन्सेलिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या नावाखाली झालेली फसवणूक

बायोटेक्नॉलॉजी किंवा जीवशास्त्रात पदवी घेऊन पुढे काय करावे या विवंचनेत असलेली मुले रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत, आणि नेमकी हीच मुले हेरून एका संस्थेने रत्नागिरीतील हॉटेलच्या सभागृहात मार्गदर्शन शिबिर घेतले. जेनेटिक काउन्सेलिंगची, म्हणजे आनुवंशिक आजारांबाबत कुटुंबांना सल्ला देण्याच्या जनुकीय समुपदेशनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, तीही घरबसल्या, तिला अमेरिकन बोर्डाची (तेथील जनुकीय समुपदेशकांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची) मान्यता आणि शिक्षण संपताच आपल्या तालुक्यात स्वतःचे समुपदेशन केंद्र, असे तेथे सांगण्यात आले. हापूसच्या हंगामाचे पैसे नुकतेच हातात आले होते. त्यातून बाबांनी माझ्यासाठी 1 लाख 40 हजार रुपये भरले. रक्कम संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर मागवली गेली आणि पावतीवर नोंदणी क्रमांक नव्हता.

त्यानंतर मोबाइलवर काही ध्वनिचित्रफिती आणि नोट्स आल्या. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या प्रकरणात लिहिले होते की, आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी आजाराचे जनुक असलेले) असतील तर चारपैकी एका मुलाला आजार होतो, म्हणून पहिले मूल आजारी असल्यास पुढची तीन निरोगी असतात. हे धादांत चुकीचे आहे. आजाराची शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने 25 टक्केच असते; आधीच्या मुलाचा तिच्याशी काहीही संबंध नसतो. हा सल्ला घेऊन एखादे जोडपे तपासणी न करता दुसऱ्या मुलाचा विचार करील, तर त्या घरावर काय ओढवेल, या कल्पनेने मला पैशांपेक्षा अधिक संताप येतो. वंशावळीच्या आकृतीतही मामेभावंडांचे लग्न एकाच रेषेने दाखवले होते, वास्तविक रक्ताच्या नात्यातील विवाहासाठी दुहेरी रेष काढतात.

प्रत्यक्ष रुग्ण कोणत्या रुग्णालयात पाहायचे, असे मी विचारू लागले तेव्हा उत्तरे टाळली जाऊ लागली आणि पुढे फोनच बंद झाला. हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानते. या विषयाचे पहिले पदव्युत्तर शिक्षण 1969 मध्ये अमेरिकेतील सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाले. आज तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखाली किमान 50 प्रकरणांत विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष सहभाग लागतो. निदान ऐकून सुन्न झालेल्या आईवडिलांशी कसे बोलावे, हे नोट्स वाचून येत नाही.

बाकीची आश्वासनेही तपासून पाहिली. अमेरिकन बोर्डाची परीक्षा फक्त तेथील मान्यता मंडळाने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांना देता येते, आणि ते अभ्यासक्रम अमेरिका व कॅनडातच आहेत. आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अधिकार मिळालेल्या विद्यापीठांनाच आहे. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. राहिले स्वतःचे केंद्र. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्यात जनुकीय समुपदेशन केंद्राची व्याख्याच दिलेली आहे. अशा केंद्राला नोंदणी सक्तीची असून तेथे वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञ, अथवा या कामाचा ठरावीक अनुभव किंवा प्रशिक्षण असलेले स्त्रीरोगतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञ असावे लागतात. घरबसल्या मिळालेल्या कागदावर असे केंद्र उघडून बसणारा मुलगा पैसे तर गमावेलच, शिवाय कायद्याच्या कचाट्यातही सापडेल.

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाचे नाव आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे, रुग्णालयाशी झालेला लेखी करार मागावा आणि त्या रुग्णालयाच्या जनुकशास्त्र विभागाला स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी. ज्यांचे पैसे नुकतेच गेले आहेत त्यांनी विलंब न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी खाते गोठवले गेले तरच ती परत मिळण्याची काही आशा असते. आम्ही पावती, बँकेचा उतारा आणि मोबाइलवरील सर्व संदेश जोडून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम 318 खाली पोलिसांकडे तक्रार दिली आहे. त्या शिबिरातून प्रवेश घेतलेल्या इतरांनीही आपापल्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी आणि पैसे ज्या खात्यात भरले त्या खात्याचा क्रमांक तीत आवर्जून लिहावा, म्हणजे ही सर्व प्रकरणे एकाच माणसापर्यंत जातात हे तपासात दिसून येईल.