खारपाणपट्ट्याच्या नकाशासाठी लॉगनॉर्म: काही महिन्यांच्या वापरानंतर

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात जिथे जमिनीखालचं पाणी खारं लागतं त्या भागातल्या, विहिरी आणि बोअरचं पाणी ज्यांना नकाशावर रंगवायचं आहे, त्यांनी मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीतलं लॉगनॉर्म वापरावंच. नॉर्म म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग हे ठरवणारा नियम; लॉगनॉर्म रंग पटीच्या हिशोबाने वाटतं. उन्हाळ्यापासून दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या भागातल्या गावांसाठी मी तेच वापरतोय.

इथे टीडीएसचे (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलीग्रॅम प्रति लिटर) आकडे फार विखुरलेले. नाल्याकाठच्या विहिरीला ४००, त्याच शिवारातल्या खोल बोअरला ८०००. साध्या पट्टीवर ० ते ८००० घेतलं, की ४०० आणि ९०० मधला फरक अख्ख्या रंगपट्टीच्या जेमतेम सहा टक्के. दोन्ही विहिरी सारख्याच जांभळ्या दिसतात. पण एकीचं पाणी गोडं, आणि दुसरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही! लॉगनॉर्मला २५० ते ८००० दिलं, की दर दुपटीला पट्टीचा पाचवा हिस्सा मिळतो आणि तोच फरक तेवीस टक्क्यांवर जातो. नाल्याच्या कडेकडेने गेलेली गोड्या पाण्याची ओळ तेव्हा कुठे उठून दिसली.

शून्याकडे मात्र लक्ष ठेवा. आटलेल्या विहिरीपुढे वहीत ० लिहिलेला असतो. शून्याचा लॉग निघत नाही, त्यामुळे ठिपका पारदर्शक होतो आणि तेही कसली सूचना न देता. नकाशा पाहून एका काकांनी विचारलंच, "आमची इहीर कुठी गेली भाऊ?" रंगपट्टीच्या 'सेट बॅड'ने अशा ठिपक्यांना राखाडी रंग द्या. विहीर आटली हीसुद्धा माहितीच आहे.

पट्टीवरचे १०³ वगैरे आकडे गावात कुणी वाचत नाही. ५००, १०००, २००० हे टिक (पट्टीवरच्या आकड्यांच्या खुणा) हाताने बसवा, मधल्या बारीक खुणा काढून टाका. किमान-कमाल मर्यादा नॉर्मच्या आतच द्या. नॉर्मसोबत वेगळी दिली तर एरर येते. मॅटप्लॉटलिबच्या ३.६ आवृत्तीपासून नॉर्मच्या जागी नुसतं 'log' लिहूनही भागतं.

पाणीपातळीतल्या चढ-उतारासाठी सिमलॉगनॉर्म हा लॉगनॉर्मचाच भाऊबंद करून पाहिला, कारण तो ऋण आकडेही घेतो. पण आमच्याकडे फरक काही मीटरचाच, तिथे साधी पट्टीच बरी.

खरी अडचण ग्रामसभेत येते. ४००० आणि ८००० मध्ये एकाच पायरीचा फरक दिसतो, म्हणून फार खारं पाणीही सौम्य वाटतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. सभेसाठी बाउंडरीनॉर्म (ठरावीक आकड्यांवर रंग तोडणारा नॉर्म) वापरून याच दोन आकड्यांवर तोडलेली तीनरंगी प्रत काढतो. लॉगचा नकाशा नवीन बोअरची जागा ठरवताना उघडतो.