ट्रेड्सवर बिलं डिस्काउंट करण्याचा काही महिन्यांचा अनुभव

पगार ७ तारखेला, पीएफ-ईएसआय १५ ला, जीएसटी २० ला, आणि पार्टीचं, म्हणजे खरेदीदाराचं, पेमेंट पार्टीच्या मर्जीने. साकीनाका-मरोळच्या गाळ्यांतून मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांचं गणित इथेच बिघडतं. पाच लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी ९० हजारांचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, वसुली झालेली असो वा नसो.

ट्रेड्स हा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारा बिल डिस्काउंटिंगचा, म्हणजे व्याज कापून बिलाचे पैसे मुदतीआधीच मिळवण्याचा, ऑनलाइन बाजार. आरएक्सआयएल, एमवन-एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे त्यातले जुने प्लॅटफॉर्म. बिल चढवायचं, खरेदीदाराने मंजूर करायचं, मग बँका बोली लावतात. बोली स्वीकारली की साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे खात्यात. पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी बँक पुरवठादाराकडे वसुलीला येत नाही. सीसीमध्ये, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जात, ही सोय नाही.

व्याजाचा दर पार्टीची पत बघून ठरतो, आपली नाही. ९ टक्के धरला तर पाच लाखांवर ४५ दिवसांचं व्याज सुमारे ५,५५० रुपये. तेच सीसीतून ११ टक्क्यांनी ६,८०० च्या आसपास. प्लॅटफॉर्मची फी वजा जाता फरक फार उरत नाही. खरी कमाई कळंबोलीच्या स्टील बाजारात होते: पत्रा रोखीने उचलला की व्यापारी भाव सोडतो.

आता डोकेदुखी. सगळं अडतं ते खरेदीदाराच्या मंजुरीवर, आणि मंजुरी अडते त्यांच्या स्टोअरमध्ये. जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) निघाला नाही, पीओवर (खरेदी ऑर्डरवर) १०० नग आणि चलनावर १०२, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) वेगळा, की बिल लटकलंच. माल उतरवला त्याच दिवशी चलनावर सही-शिक्का आणि जीआरएन नंबर घेऊनच टेम्पो परत आणावा. फोनवरच्या ‘झालंय, झालंय’ला काही किंमत नाही. टीडीएस आणि रिटेन्शन (खरेदीदार राखून ठेवतो ती रक्कम) वजा करून उरेल तेवढ्याच रकमेवर पैसे मिळतात. पूर्ण बिल धरून पगाराचं नियोजन केलं की महिनाअखेरीला खड्डा पडतो.

सीसी असेल तर आणखी एक गाठ. पार्ट्यांकडून यायची बिलं त्या बँकेकडे तारण असतात, म्हणून तिची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. ती उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) आणि केवायसीच्या कागदांसोबतच मागून ठेवावी, शाखेत फाइल हलायला वेळ लागतो. डिस्काउंट झालेलं बिल सीसीच्या बँकेला द्यायच्या त्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधून (माल आणि येणी यांच्या यादीतून) काढलं नाही, तर एकाच बिलावर दोनदा कर्ज घेतल्यासारखं होतं. काढलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून उचलता येणारी रक्कम, उतरते. २५ टक्के मार्जिन (बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) असेल तर पाच लाखांमागे पावणेचार लाखांनी. हे आधी न जुळवता चेक फाडले तर परत येतात.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी बंधनकारक आहे, पण नोंदणी केलेली पार्टी बिलं मंजूर करतेच असं नाही. ऑर्डर घेतानाच परचेसवाल्यांना स्पष्ट विचारावं.

खरेदीदार छोटा असेल तर ट्रेड्सचा उपयोग जवळपास शून्य. तिथे बिलावर उद्यम नंबर छापणं जास्त कामाला येतं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं पेमेंट करारानुसार, फार तर ४५ दिवसांत झालं नाही, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे देईल त्या वर्षीच मिळते. फेब्रुवारीच्या मध्याआधी स्वीकारलेल्या बिलांची यादी मार्चच्या सुरुवातीला थेट त्यांच्या अकाउंटंटला पाठवावी. मालकापेक्षा तो लवकर हलतो.