बाळाच्या पायातला स्लीप ट्रॅकर: झोप मोजली, वेलक्रो गेला

घोट्याला बांधायचा ट्रॅकर, मोबाइलवर ॲप, हे तुम्हाला माहीतच असेल. मी लिहायला बसलेय ती वेलक्रोपायी. गोधडीचे दोरे अडकून अडकून त्याची पकडच गेली. लेकीने एक लाथ झाडली की पट्टा खाली. सर्व्हिसवाले म्हणतात, पट्टा वॉरंटीत नाही, नवा घ्या. आठशे रुपये! मेन रोडला एवढ्यात घरभर पुरेल इतका वेलक्रो मिळेल.

सुरुवातीला तर मी या वस्तूला शिव्याच घालत होते. दुपारी सासूबाई लेकीला झोळीत घालून झोका देतात. ती गाढ झोपलेली, ॲपवर मात्र ‘जागी’. आतला ॲक्सेलरोमीटर नुसती हालचाल मोजतो. ती पायाची की झोक्याची, त्याला काय कळणार? गंगापूर रोडने गाडीत झोपून आली तरी तेच. शिवाय तान्ही बाळं झोपेतही हातपाय हलवतात, कण्हतात. तेही जागेपणात जमा.

डॉक्टरांनी वहीही ठेवायला सांगितली. रात्री किती वेळा उठली, किती वेळ जागी होती, एकूण किती झोपली. बाळांच्या झोपेचे संशोधक अवी सादेह यांनी 2004 मध्ये अशीच एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. रात्री 3 पेक्षा जास्त वेळा उठणं, 1 तासाहून जास्त जागं राहणं किंवा एकूण झोप 9 तासांपेक्षा कमी, यातलं एक जरी असलं तरी तिच्या हिशेबाने झोप बरी नाही.

आमच्या वहीत दोनदा, ॲपमध्ये पाचदा. (नवऱ्याच्या मते ‘रात्रभर झोपली की!’ तो स्वतः घोरत असतो.) रात्री झोळी नसते, म्हणून एकदा ॲपने ‘जागी’ दाखवल्याबरोबर उठून पाहिलं. बाईसाहेब टक्क डोळे उघडून पंख्याकडे बघतायत, तोंडातून आवाज नाही! वहीत फक्त रडणं उतरतं. त्या रात्रीपासून पट्ट्याबद्दलचं मत जरा मवाळ झालं.

आता झोपायची-उठायची वेळ वहीची, मधलं जागेपण पट्ट्याचं आणि झोळीच्या वेळा लाल पेनने, म्हणजे ॲपमधून तेवढ्या वगळता येतात. डॉक्टरांना आठवडाभराचं एकत्र दाखवते.

घरात दिवसा झोळी असेल तर दिवसाच्या झोपेसाठी हे घेऊ नका. रात्रीपुरतं चालेल, तेही कुणाचं वापरलेलं मिळालं तर. पट्टा मागवण्याच्या फंदात पडू नका. सिडकोतल्या शिंप्याने मोज्याला खिसा शिवून दिला, तीस रुपये घेतले.