युरोपचा हनिमून, आखलेला टिळकवाडीत: एका प्लॅनर ताईंच्या कामाबद्दल

बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ एक ताई घरातूनच परदेश प्रवासाची आखणी करून देतात. पाटी नाही, जाहिरात नाही. काम तोंडी ओळखीवर चालतं आणि त्यांना ते तसंच हवं आहे, म्हणून इथं नाव देत नाही. त्या टूर विकत नाहीत, तिकिटं काढत नाहीत, हॉटेलवाल्यांकडून काही घेत नाहीत. फी घेतात ती फक्त आखणीची. आमच्या दोघांच्या युरोपसाठी १२,००० रुपये घेतले. "नुसता कागद लिहून द्यायचे बारा हजार? असं कुठं असतंय काय?" असं आमच्या घरात दोन दिवस चाललं होतं. माझं मत आधीच सांगतो: ते पैसे पुरेपूर वसूल झाले. आणि ते त्यांनी जे लिहून दिलं त्यापेक्षा जे खोडलं त्यामुळे जास्त.

आमच्या यादीत लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, प्राग, व्हेनिस, रोम आणि सँटोरिनी होतं. हाताशी दोन आठवडे. मी उद्यमबागेतलं आमचं मशीन शॉप बघतो, त्याहून जास्त दिवस ते सोडता येत नाही. बायको गडहिंग्लजच्या एका शाळेत शिकवते, तिला सुट्टी मे महिन्यातच. पहिल्याच भेटीत ताईंनी आम्हाला वेगवेगळे कागद दिले आणि एकमेकांना न दाखवता तीन-तीन गोष्टी लिहायला लावल्या. शहरं नाही, काय करायचं आहे ते. बायकोनं लिहिलं: बर्फ जवळून बघायचा, व्हेनिसला पाण्याच्या काठी राहायचं, रोज पहाटे उठायचं नाही. माझ्या कागदावर आयफेल टॉवर, कोलोसियम आणि डोंगरातली रेल्वे. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी लाल पेन उचललं.

लंडन पहिलं गेलं, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तिथला व्हिसा वेगळा, खर्च वेगळा, अर्ज वेगळा. सँटोरिनी गेलं, कारण त्या एका बेटासाठी जाण्यायेण्याचे दोन दिवस गेले असते. ॲमस्टरडॅम आणि प्राग आमच्या दोघांच्याही कागदावरच्या कुठल्याच गोष्टीत बसत नव्हते. उरलं ते असं: पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडात लाउटरब्रुनेन ३ रात्री, व्हेनिस २, रोम ४. जाताना पॅरिसला उतरायचं आणि परतीचं विमान रोमहून पकडायचं. एकाच शहरात आत-बाहेर करायचं म्हटलं असतं तर शेवटचा अख्खा दिवस उलटं यायला गेला असता.

लग्न मार्गशीर्षात झालं होतं. आईचं म्हणणं, लग्नानंतर लगेच जायला पाहिजे, पाच महिन्यांनी कसला हनिमून? ताईंनी आईला फोनवर सरळ समजावलं: "काकू, डिसेंबरात पॅरिसला पाचच्या सुमाराला अंधार पडतोय. मे महिन्यात रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतोय. त्याच पैशात दिवस मोठा मिळतोय की." आईला पटलं. त्यातही १ मे आणि ८ मे टाळून तारखा दिल्या, कारण दोन्ही दिवस फ्रान्समध्ये सुट्टी. १ मेला तर लूव्र म्युझियम बंदच असतं. लूव्र मंगळवारी बंद, व्हॅटिकनची म्युझियम महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, हे सगळं धरूनच वार ठरले.

माझ्या दृष्टीनं त्यांच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रवासाच्या दिवसाचं पान. इंटरनेटवर तुम्हाला गाडीचे तास दिसतात. ताई दारापासून दारापर्यंतचे तास लिहितात. पॅरिस ते लाउटरब्रुनेन घ्या. हॉटेल सोडणं, मेट्रोनं गार द ल्याँ स्टेशन, तिथं अर्धा तास आधी, कारण गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. मग टीजीव्हीनं, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीनं, बासेलपर्यंत तीन तासांच्या वर. बासेलला गाडी बदलायची, इंटरलाकेन ओस्टपर्यंत दोन तास. परत बदलायची, लाउटरब्रुनेन वीस मिनिटं. मग बॅगा ओढत हॉटेल. गाडीत बसायचे साडेपाच तास आणि एकूण आठ. त्या पानाखाली लाल अक्षरात: "या दिवशी दुसरं काहीही ठेवायचं नाही. संध्याकाळी धबधबा बघा, जेवा, झोपा." आणि खरंच, स्टाउबबाखचा तो जवळजवळ ३०० मीटर उंचीचा धबधबा हॉटेलच्या खिडकीतूनच दिसत होता. आम्ही शॉपमध्ये जॉबला फिनिशिंगसाठी जसं मटेरियल राखून ठेवतो, तसा त्यांनी प्रत्येक दिवसात वेळ राखून ठेवला होता.

युंगफ्राउयोखचं तिकीट त्यांनी आधी काढू दिलं नाही. ३,४५४ मीटरवरचं ते डोंगरातलं रेल्वे स्टेशन, माणशी २०० फ्रँकच्या वर खर्च, आणि वर ढग असतील तर सगळं पांढरं. सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र फोनवर बघायचं आणि मगच तिकीट. पहिल्या सकाळी काहीच दिसत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांनी पर्यायी लिहिलेल्या ट्रुमेलबाखला गेलो. डोंगराच्या पोटातून हिमनद्यांचं पाणी दहा टप्प्यांत कोसळतं. आत लिफ्टनं जायचं आणि कातळातल्या जिन्यांवरून बघायचं. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा आम्ही दोघांनी बघितलेला आहे, पण इथं तोच आवाज बंद दगडात ऐकताना बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ. हाफ फेअर कार्ड आधीच काढलं होतं, त्यानं युंगफ्राउयोखचं तिकीट निम्म्यात आलं. स्विस ट्रॅव्हल पासवर (ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास) त्या वरच्या टप्प्यात फक्त २५ टक्के सवलत मिळते. तीन रात्रींच्या मुक्कामाला पास की कार्ड, याचा हिशेब त्यांनी आकड्यांसह मांडून दिला होता.

आता कागदपत्रं. आपल्या भागातल्या लोकांनी हे नीट वाचावं. माझा पासपोर्ट बेळगावच्या पत्त्याचा, बायकोचा गडहिंग्लजचा. एक कर्नाटक, एक महाराष्ट्र. व्हिसाचा अर्ज कुठं करायचा हे राहत्या पत्त्यावर ठरतं, त्यामुळे एकानं मुंबईला आणि एकानं बेंगळुरूला जायचं की काय, ही भीती होती. ताईंनी लग्नाचा दाखला आणि बायकोचं नवीन पत्त्याचं आधार तयार ठेवायला लावलं, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राकडून आधी लेखी विचारून घेतलं, आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं दोघं एकत्रच बेंगळुरूला जाऊन आलो. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये, शाळेचं रजेचं पत्र मराठीत. दोन्हींचं इंग्रजी भाषांतर करून कोर्टाजवळच्या नोटरीकडून शिक्का घेतला. घरच्यांची इच्छा होती की पासपोर्टवर बायकोचं नाव बदलून मगच जावं. ताईंनी थांबवलं. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, सोबत लग्नाचा दाखला ठेवायचा, फक्त प्रत्येक तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं.

व्हिसा कुठल्या देशाचा, हाही प्रश्न होता. उतरणार पॅरिसला, म्हणून आमच्या ओळखीतले सगळे फ्रान्स सांगत होते. नियम मात्र जिथं जास्त रात्री तिथला असा आहे. रात्री सारख्या असल्या तरच पहिल्या देशाचा. आमच्या इटलीत सहा रात्री, फ्रान्समध्ये चार, म्हणून अर्ज इटलीचा. फी माणशी ९० युरो, केंद्राचे पैसे वेगळे, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फक्त रद्द करता येतील अशीच घ्यायला लावली.

खाण्याचं एक सांगतो, कारण बेळगावातून निघणारा प्रत्येक जण कुंदा घेऊन निघतो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुंदा दुधाचा. सासूबाईंनी दिलेला डबा मुंबईत ठाण्याच्या आत्याकडे ठेवला. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मात्र सोबत नेलं आणि स्वित्झर्लंडात तेच कामी आलं, कारण तिथं बाहेर जेवण फार महाग पडतं आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ताईंनी शनिवारीच दूध, पाव, तांदूळ घ्या असं लिहिलं होतं.

व्हेनिसची आखणीही तशीच बारीक. मेस्त्रे स्टेशनवर उतरायचं नाही, ते पाण्याअलीकडचं, मुख्य जमिनीवरचं गाव. पाण्यातल्या व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनपर्यंत बसून राहायचं. हॉटेल स्टेशनपासून चालत, मध्ये एकही पूल नाही असं. बायको म्हणाली, हे ज्यानं शोधलं त्याला हात जोडावेत. समोरून बायका-माणसं मोठमोठ्या बॅगा उचलून पुलाच्या पायऱ्या चढत होती आणि आम्ही सपाट रस्त्यानं दारात. वापोरेटोचं, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसबोटीचं, ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, म्हणून रोज चालायचं आणि ग्रँड कॅनालवर एकदाच, संध्याकाळी, पुढच्या बाजूला बसून जायचं, हेही त्यांचंच.

तक्रारी दोन. त्यातली एक मोठी आहे. ताई रात्री आठनंतर फोन घेत नाहीत. उन्हाळ्यात युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. म्हणजे तिथं दुपारचे साडेचार वाजले की इकडं आठ. व्हेनिसला हॉटेलवाल्यानं आमचं बुकिंग दिसत नाही असं सांगितलं तेव्हा तिथं साडेपाच झाले होते. मेसेज केला, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तोपर्यंत आम्हीच छापील कागद दाखवून खोली मिळवली होती. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला परक्या गावात तो पाऊण तास फार मोठा वाटतो. प्रवासाच्या दिवसांत तरी त्यांनी रात्री फोन चालू ठेवावा, त्यासाठी जास्त पैसे घेतले तरी चालतील. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

दुसरी तक्रार रोमची. व्हॅटिकनची म्युझियम सकाळी आणि कोलोसियम त्याच दुपारी. दोन्हींची वेळ ठरलेली तिकिटं, त्यामुळे कुठंच रेंगाळता आलं नाही. सिस्टिन चॅपेलमध्ये मान वर करून उभे असताना मी घड्याळ बघत होतो, ते बायकोला अजिबात आवडलं नाही आणि तिचं बरोबर होतं. चार रात्री असताना हे दोन दिवसांत सहज बसलं असतं.

ज्यांना रोज जेवायला वरणभात हवा, बॅग कुणीतरी उचलावी असं वाटतं, किंवा इंग्रजी बोलायला भीती वाटते, त्यांनी ग्रुप टूरच घ्यावी. त्यात काही कमी नाही. आमच्या चुलत्यांनी तसाच युरोप केला आणि ते खूश आहेत. पण दोघांनीच, आपल्या चालीनं फिरायचं असेल आणि तिकिटं स्वतः काढायची तयारी असेल, तर या ताईंकडं नक्की जा.

नवीन लोकांना त्या शनिवारी सकाळी भेटतात आणि दोघांनी मिळून यायचं ही अट असते. नवरा एकटा आला तर परत पाठवतात. दोघांचे पासपोर्ट सोबत न्या. पहिल्यांदा त्या तारखाच बघतात: पासपोर्ट १० वर्षांच्या आतला हवा आणि युरोपातून निघायच्या दिवसानंतर किमान ३ महिने शिल्लक असायला हवेत. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच गाठा. टीजीव्हीची आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं आधी संपतात, आणि एप्रिलमध्ये आलेल्यांना त्या सरळ पुढच्या वर्षीची तारीख देतात.